वस्त्राची वाट आणि विणकराचे नाव

शहापूर व मुरबाड येथील बाजारपेठांतून हल्ली ‘बुटिक’ अशी पाटी लावलेली लहान दुकाने दृष्टीस पडतात. ती चालविणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात, आणि त्यांत आपल्या समाजातील लेकीसुनाही आहेत. आजोबांनी ओट्यावर यंत्र मांडून बंड्या व पोलकी शिवली. पुढे तयार कपड्यांची लाट आली आणि वडिलांच्या हातचे ते काम बसले. आता नात येवल्यास जाते, गुळेदगुड्डचा खण व महेश्वरचे वस्त्र मिळवते, आणि त्यांतून नव्या चालीचे कपडे बेतते. ‘हे शहरी खूळ आहे, चार दिवसांत उतरेल,’ असे म्हणणारी वडीलधारी मंडळी आम्हांस भेटतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही आमचे मत निराळे आहे. दूरदेशीचे कापड पारखून आणणे हा या मुलखातील फार जुना उद्योग होय. तो पूर्वी कसा चालत असे, आणि त्यातील कोणती गोष्ट आज हातची सुटत चालली आहे, एवढेच वाचकांपुढे मांडण्याचा येथे विचार आहे.

आमच्या दोन तालुक्यांची पाठ सह्याद्रीला लागलेली आहे आणि तोंड कल्याण बंदराकडे आहे. देशावरून कोकणात उतरणाऱ्या ज्या वाटा प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहेत, त्यांपैकी दोन आमच्याच हद्दीत येतात. नाशिककडून येणारी वाट थळ घाटाने, म्हणजे आजच्या कसाऱ्याच्या घाटाने, शहापूर तालुक्यात उतरते. पैठण व जुन्नर यांजकडून येणारी वाट नाणेघाटाने मुरबाड तालुक्यात वैशाखरे गावाजवळ उतरते. एका वाटेच्या माथ्यापलीकडे गोवर्धन-नाशिक, दुसरीच्या माथ्यापलीकडे प्रतिष्ठान म्हणजे पैठण. आणि ही दोन्ही ठिकाणे वस्त्रांशी निगडित.

प्रथम नाणेघाट घेऊ. वैशाखऱ्याच्या बाजूने ती चढण चढून गेल्यावर माथ्याजवळ कातळात कोरलेले लेणे लागते. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. विद्वान तो सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास घालतात. त्यात राजाराणीने केलेल्या यज्ञांची व दानांची यादी आहे. गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांच्या जोडीने तीत वस्त्रांचाही उल्लेख येतो. ज्या दानाची नोंद दगडावर करावी त्यात वस्त्राला स्थान होते, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या मूर्ती आज नाहीत. पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत. मात्र वर कोरलेली नावे वाचता येतात. रूप गेले, नाव राहिले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिची गरज पडणार आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने आपल्या समुद्रकिनाऱ्याचे वर्णन लिहून ठेवले; ‘पेरिप्लस’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. पैठणहून अकीकासारखे खडे आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, येथून जाडेभरडे कापड व तऱ्हतऱ्हेची तलम वस्त्रे गाड्यांवर लादून भडोचला जात, असे तो सांगतो. कल्याणचेही नाव त्यात आहे. पूर्वी ते मान्यताप्राप्त बंदर होते. पुढे राजकीय झगड्यात तेथील व्यापार अडविण्यात आला, आणि तेथे चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेण्यात येत. जवळचे बंदर बंद झाले म्हणून माल थांबला नाही. त्याने दूरची वाट धरली. व्यापाराला वाट लागते. पण वाटेपेक्षाही, पलीकडे कोणीतरी चांगला माल विणीत आहे हा भरवसा लागतो.

तो भरवसा केवढा होता, हे दुसऱ्या घाटापलीकडे पाहावयास मिळते. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ती कोणा सावकाराकडे नव्हे, राजाच्या खजिन्यातही नव्हे, तर गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे! २,००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक या व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे उपभोगावयाचे, अशी अट होती. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे. हिशेब करून पाहावा : २,००० वर दरमहा २० म्हणजे वर्षाचे २४०, आणि २० भिक्षूंचे बाराप्रमाणे २४०च. एक कवडी इकडेतिकडे नाही. ज्यांच्या हाती राजघराण्याने पिढ्यान्‌पिढ्यांसाठी धन सोपविले ते हातमागावर बसणारे लोक होते. आज समाजाच्या पतपेढ्या व शिष्यवृत्ती-निधी चालविणाऱ्यांनी हा लेख एकदा मुद्दाम पाहून यावा, अशी आमची विनंती आहे.

पुढे कित्येक शतके तांड्यांनी व बैलांनी या घाटांची चढउतार केली. मग काळ बदलला. १८६५ साली थळ घाटातून आगगाडी इगतपुरीस पोहोचली आणि मुंबईच्या गिरण्यांचे कापड देशावर सुलभतेने जाऊ लागले. माल पूर्वी वरून खाली येत असे, तो आता खालून वर चढू लागला. हातमाग मागे पडले. आमच्या बाजूस राहिले ते शिवणकाम, कापडाची फेरी, आणि पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हशाच्या यात्रेतील घोंगड्यांची खरेदी. ही घोंगडी आणि जुन्या लुगड्यांच्या थरांची आजीच्या हातची गोधडी या दोन वस्तूंत आमची वस्त्रपरंपरा तग धरून राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

जुन्याचा अभ्यास करून नवे कसे बेतावे, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. भानू अथैया या मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातल्या. १९२९ साली त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या चित्रकला शिकल्या आणि ‘ईव्हज वीकली’ या नियतकालिकासाठी वेशभूषेची चित्रे काढू लागल्या. त्याच्या संपादिकेने एक बुटिक उघडले व ‘कपडे बेतून तर पाहा’ असे त्यांना सुचविले. तेथून त्यांचा मार्गच पालटला. ‘आम्रपाली’ (१९६६) या चित्रपटासाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील वेश अभ्यासिले. ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना १९८३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०२० साली त्या निवर्तल्या. एका लहान दुकानातील सुईदोऱ्यापासून ही वाटचाल झाली, हे आमच्या मुलींनी विसरू नये. आणि प्रवास व अभ्यास यांवाचून ती झाली नसती, हेही विसरू नये.

आता सुटत चाललेल्या गोष्टीकडे वळतो. खरी पैठणी उलटसुलट दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कारण तिची नक्षी रंगीत धागे हाताने एकमेकांत अडकवून विणलेली असते. आज तीच नक्षी कृत्रिम धाग्यावर यंत्राने उठवून पैठणी म्हणूनच विकली जाते. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकनाचे संरक्षण मिळाले, पण गिऱ्हाईक विचारील तेव्हाच त्याचा उपयोग. नाणेघाटात रूप गेले व नाव राहिले. वस्त्राच्या बाबतीत नेमके उलटे झाले आहे. आजीचे लुगडे पेटीत आहे, त्याचा पदर अजून लखलखतो. पण ते कोणत्या गावी, कोणत्या हातांनी विणले हे घरात कोणासही ठाऊक नाही. रूप राहिले, नाव गेले. प्रवासात पाहिलेली नक्षी उचलावी आणि विणणाऱ्याला विसरावे, याला कल्पकता म्हणता येणार नाही. ती उसनवारी होय, आणि तीही न फेडलेली.

म्हणून समाजातील कुटुंबांस आमचे दोन बोलांचे आवाहन आहे. घरात वडीलधारी माणसे आहेत तोवर पेटीतील प्रत्येक जुन्या वस्त्राची माहिती त्यांना विचारावी : कोणाच्या लग्नातले, कोणत्या बाजारातले, काय किमतीचे. आणि ती एका वहीत उतरवून ठेवावी. ज्या भगिनींनी नवा व्यवसाय मांडला आहे त्यांनी विकलेल्या प्रत्येक कपड्यासोबत विणकराचे गाव व नाव लिहिलेली चिठ्ठी द्यावी, आणि भाव ठरविताना त्याच्या मजुरीवर कात्री चालवू नये. गोवर्धनच्या विणकरांवर राजघराण्याने विश्वास टाकला, तो त्यांनी हिशेब चोख ठेवला असेल म्हणूनच. आमच्या दुकानांच्या वह्याही तशाच चोख असाव्यात. म्हणजे आजोबांची कात्री नातीच्या हाती शोभेल, आणि दोन घाटांच्या पायथ्याशी राहत असल्याचे सार्थक होईल.