शाळा मुलामागे, पैसा रहिवासामागे

दिव्यांग मूल घेऊन ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावच्या परिसरात एक सल्ला हमखास मिळतो: “गाव सोडलं की सवलती गेल्या, पोराला आजीजवळ ठेवा.” सल्ला कळकळीचा आहे, आणि त्याला आधारही आहे. फडाजवळच्या कोपीत विशेष शिक्षक येत नाही, चालू उपचारात खंड पडतो. पण गैरसोय होणं वेगळं आणि हक्क जाणं वेगळं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 काय म्हणतो? कलम 58 प्रमाणे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असतं. जालन्यात मिळालेलं प्रमाणपत्र साताऱ्यात चालतं, तसंच बेळगावातही. कलम 31 प्रमाणे किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राहिला टीसीचा, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याचा प्रश्न. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला राज्याबाहेरच्या सरकारी शाळेतही बदली मागता येते; टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही.

मग गाव सोडलं की सवलती जातात, हा समज आला कुठून? निराधारच्या पैशांवरून. संजय गांधी निराधार योजनेला महाराष्ट्रातल्या रहिवासाची अट आहे, आणि तोच नियम लोकांनी शाळेलाही लावला. वास्तविक हंगामापुरतं बाहेर गेल्याने रहिवास तुटत नाही. पैसेही बँकेच्या खात्यातच जमा होतात.

परदेशी निघालेल्यांचा समज नेमका उलटा असतो: तिथे सरकारच सगळं बघतं. तोही टिकत नाही. ब्रिटनमध्ये कामाच्या व्हिसावर गेलेल्या बहुतेक कुटुंबांना व्हिसातल्या बंदीमुळे मुलासाठीचा दिव्यांग भत्ता मिळत नाही. शाळेतल्या विशेष मदतीला मात्र ती बंदी लागू नाही. अमेरिकेत 1982 च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ निकालानंतर कागदपत्रांविना आलेल्या मुलालाही सरकारी शाळा नाकारता येत नाही. रोख मदतीच्या अटी तिथेही कडक आहेत.

म्हणजे शाळेचा हक्क आणि रोख मदत ही दोन खाती वेगळीच धरली पाहिजेत. आजी धडधाकट असेल, उपचार नीट चालू असतील, तर मुलाला गावी ठेवणं शहाणपणाचंच. पण ती आईबापांची निवड असावी, अज्ञानातून आलेली नाइलाजाची गोष्ट नव्हे. सोबत नेणार असाल तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) प्रती घ्या, आणि कारखान्याजवळच्या शाळेत लेखी अर्ज देऊन पोच मागा. तोंडी विनंतीची “बघू”वर बोळवण होते. लेखी अर्जाची पोच मात्र हातात राहते.