बुडणाऱ्यासाठी घरगुती तरंगती दोरी कशी बनवायची?

पवना, इंद्रायणी किंवा चाकणजवळच्या भामा आसखेड धरणावर सहलीला जाताय? गाडीत तरंगती दोरी ठेवा.

साहित्य: घट्ट झाकणाचा 5 लिटरचा रिकामा प्लास्टिक कॅन, 15 ते 20 मीटर पॉलिप्रॉपिलीनची दोरी. ही दोरी पाण्यापेक्षा हलकी असते, म्हणून तरंगते, नायलॉनची बुडते.

कृती: कॅनमध्ये कपभर पाणी ठेवा, म्हणजे तो लांब फेकता येतो. झाकण घट्ट लावून दोरी हँडलला पक्की बांधा. असा कॅन पाण्यात साधारण 5 किलोचा भार पेलतो. डोकं पाण्यावर ठेवायला एवढा आधार बहुतेकांना पुरतो.

वापर: 112 ला फोन करायला सांगा. काठावर बसून कॅन बुडणाऱ्याच्या पलीकडे फेका आणि दोरी त्याच्या हाताशी ओढा. दोरी स्वतःच्या मनगटाला किंवा कमरेला कधीही बांधू नका. पाण्यात उडी मारू नका. हा कॅन लाइफ जॅकेटला पर्याय नाही.