विशेष काडतुसांच्या रायफली, भारतातील

सर्वत्र उपलब्ध असलेल्या प्रमाणित काडतुसाऐवजी कमी प्रचारातील किंवा मुद्दाम घडविलेले काडतूस आधी निश्चित करून त्याच्या मापाने रचलेली रायफल. अशा रायफलीच्या आयोजनात काडतूस प्रथम व नळी, बोल्ट, पेटी आणि कुंदा हे भाग नंतर येतात. अमेरिकेत हौशी बंदूककारांनी प्रचलित काडतुसाचे पितळी कवच आवळून, रुंदावून किंवा आखूड करून जी नवी काडतुसे बनविली, त्यांना ‘वाइल्डकॅट’ हे नाव पडले. भारतात मात्र अशी निवड नेमबाजाच्या हौशीपेक्षा कायदा, सैनिकी धोरण व कारखान्यांचे उत्पादन यांनी ठरविली. या इतिहासात पुणे परिसराचे स्थान महत्त्वाचे आहे.

तांत्रिक बाजू : काडतुसाचे कवच, टोपी, दारू व गोळी असे चार घटक असतात. कवचाच्या तोंडाकडील अरुंद भागास मान व तिच्याखालील उतारास खांदा म्हणतात. मानेचा व्यास बदलला, की गोळी बदलते. खांदा सरकविला, की दारूसाठी असलेली जागा बदलते. म्हणून नळीच्या मागील टोकाशी असलेला कक्ष त्याच मापाने कोरावा लागतो. कक्षात कवच सैल बसल्यास ते फुटून तप्त वायू मागे येण्याचा धोका असतो. बोल्टचे तोंड कवचाच्या कडेशी जुळावे लागते व सर्व भागांना दारूचा दाब सहन व्हावा लागतो. नळीतील आट्यांचा पीळ गोळीच्या लांबीवर अवलंबून असतो. अमेरिकी एम-१६ रायफलीच्या प्रारंभीच्या नमुन्यांत सु. ३·५६ ग्रॅ. वजनाच्या गोळीसाठी १२ इंचांत एक फेरा असा पीळ होता, पुढे सु. ४ ग्रॅ. वजनाची लांब गोळी आल्यावर तो ७ इंचांत एक फेरा असा करावा लागला.

या सर्वांहून कठीण प्रश्न पुरवठ्याचा असतो. ०·३० इंच व्यासाच्या १९०६ सालच्या अमेरिकी सैनिकी काडतुसाची मान ०·२५ इंच गोळीसाठी आवळून केलेले काडतूस अनेक दशके हौशी नेमबाजांपुरतेच राहिले. १९६९ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते स्वीकारल्यावर त्यास कारखान्याचा आधार मिळाला. बहुतेक वाइल्डकॅट काडतुसांच्या वाट्यास हे भाग्य येत नाही.

ब्रिटिश अमदानी : १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने भारतीयांच्या शस्त्रधारणेवर परवान्याचे बंधन आले. पुढे १९०७ च्या सुमारास ०·४५० इंच व्यासाच्या खाजगी रायफलींना हिंदुस्थानात बंदी करण्यात आली. मार्टिनी-हेन्री या सैनिकी रायफलीचा व्यास तोच होता. या मापाच्या गोळ्या व इतर साहित्य बंडखोरांच्या हाती पडेल, ही भीती बंदीच्या मुळाशी होती. जॉन रिग्बी यांनी १८९८ मध्ये आणलेले ०·४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस त्या काळी मोठ्या शिकारीसाठी प्रसिद्ध होते. भारतातील त्याची बाजारपेठ या बंदीने बुडाली. तेव्हा इंग्लिश बंदूककारांनी निषिद्ध मापापासून थोडी दूर असणारी काडतुसे पुढे आणली. हॉलंड अँड हॉलंड यांचे १९०७ मधील ०·५००/०·४६५ हे त्यांपैकी एक होय. नावातील पहिला आकडा मूळ कवचाचा व दुसरा गोळीच्या मापाचा निदर्शक आहे. ०·४७० व ०·४७५ या मापांची काडतुसेही याच सुमारास प्रचारात आली. अशा रीतीने एका सरकारी निर्बंधातून काडतुसांचे व रायफलींचे एक कुलच निर्माण झाले.

०·३०३ हे सैनिकी माप असल्याने तेही खाजगी व्यक्तींना दुर्मिळ होते. त्यामुळे ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे ८ मिमी. काडतूस भारतात ०·३१५ या नावाने रुजले. ली-एन्फील्ड धर्तीच्या रायफली या मापात तयार होऊ लागल्या आणि पुढे बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यानेही ते माप चालविले. जन्मभूमीत मागे पडलेले हे काडतूस भारतात टिकले, कारण त्याचे उत्पादन येथेच होत राहिले. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याची ‘के. एफ.’ ही अक्षरे या काडतुसांच्या बुडावर आढळतात. उपलब्धतेचा हा नियम बेकायदा शस्त्रांनाही लागू पडतो : उत्तर भारतातील अनेक गावठी कट्टे ०·३१५ मापाचेच असतात.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्रे व दारूगोळा यांची निर्मिती, दुरुस्ती व रूपांतर करणाऱ्यांना परवाना आवश्यक ठरला. खाजगी व्यक्तीने स्वतःचे काडतूस घडवून त्यासाठी रायफल बांधण्यास त्यामुळे फारसा वाव उरला नाही. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीचा हेतूही संपत आला. आयात आटल्यावर संस्थानिकांच्या व जमीनदारांच्या संग्रहातील किंमती इंग्लिश रायफली काडतुसांअभावी निरुपयोगी ठरल्या. सह्याद्रीच्या ज्या रानांत पूर्वी शिकार चाले, त्यांपैकी मुळशीच्या पश्चिमेकडील ताम्हिणी घाटाचा परिसर २०१३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला.

सैनिकी क्षेत्रात मात्र काडतुसाभोवती शस्त्र रचण्याचे काम चालू राहिले. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरने ली-एन्फील्डच्या धर्तीवर ७·६२ मिमी. काडतुसाची २ए१ ही रायफल तयार केली. नव्या काडतुसाचा दाब अधिक असल्याने तिच्यासाठी अधिक बळकट पोलाद वापरावे लागले. पुढे पुण्यातील आयुध संशोधन व विकास संस्थेने ५·५६ × ४५ मिमी. काडतुसाची इन्सास रायफल अभिकल्पित केली. मुळशी तालुक्याच्या बाजूस पाषाण येथे असलेल्या याच संस्थेने ५·५६ × ३० मिमी. या आखूड कवचाच्या काडतुसासाठी एक स्वतंत्र कार्बाइन रचली. जवळच्या लढाईत हलके व आटोपशीर शस्त्र मिळावे, हा तिचा उद्देश होता. तिचे वजन सु. ३ किग्रॅ. असून मिनिटास ७०० हून अधिक गोळ्या झाडण्याची तिची क्षमता आहे. कार्बाइनचे उत्पादन कानपूर येथे व काडतुसांचे खडकी येथे करण्यात आले. सेनेच्या उपयोजक चाचण्यांचा अंतिम टप्पा ७ डिसेंबर २०२० रोजी पूर्ण झाला. तथापि २०२५ मध्ये सेनेच्या मोठ्या मागणीसाठी निवडलेली, याच संस्थेने अभिकल्पित केलेली व भारत फोर्जतर्फे निर्माण होणारी कार्बाइन ५·५६ × ४५ मिमी. या प्रचलित काडतुसाची आहे.

क्रीडाक्षेत्रातील परिस्थिती याच्या उलट आहे. म्हाळुंगे-बालेवाडी येथील क्रीडासंकुलात २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांतील नेमबाजी झाली. ५० मी. रायफल प्रकारात सर्व स्पर्धक ५·६ मिमी. (०·२२ इंच) हे एकच काडतूस वापरतात. येथे कुंदा, गालपट्टी व पकड यांची मापे नेमबाजाच्या शरीराप्रमाणे ठरतात आणि काडतुसांच्या निरनिराळ्या खेपा झाडून पाहून नळीस मानवणारी खेप निवडली जाते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मी. रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळविले.

विशेष काडतुसाची रायफल ही केवळ बंदूककाराच्या कौशल्यावर टिकत नाही. काडतुसामागे कारखाना व कायद्याची संमती असल्यास ०·३१५ सारखे जुने माप शतकाहून अधिक काळ टिकते. त्यांच्या अभावी उत्तम घडणीची रायफलही संग्रहालयातील वस्तू होऊन राहते.