सोरायसिस
त्वचेचा दीर्घकालीन, दाहजन्य विकार. प्रतिरक्षा यंत्रणेतील बिघाडामुळे बाह्यत्वचेच्या पेशी अतिशय वेगाने वाढतात. एरवी त्यांना पृष्ठभागावर यायला सुमारे ४ आठवडे लागतात. येथे ते काही दिवसांतच घडते आणि अपक्व पेशींचे थर साचतात. कोपर, गुडघे, डोके व कंबरेवर ठळक कडांचे जाड चट्टे उठतात. सावळ्या त्वचेवर ते लाल न दिसता जांभळट किंवा करडे दिसतात, म्हणून नुसती लाली शोधणे पुरेसे नाही.

निदान बहुधा तपासणीवरच होते. चट्टा हलका खरवडला की मेणबत्तीच्या मेणासारखे रुपेरी पापुद्रे सुटतात. आणखी खरवडल्यास रक्ताचे सूक्ष्म ठिपके उमटतात. ओरखड्याच्या रेषेवर नवे चट्टे येऊ शकतात. नखांवरील बारीक खळगे आवर्जून पाहावेत. सांधे दुखत वा सुजत असल्यास सोरायसिसजन्य संधिवाताचा विचार तातडीने व्हावा. शंका उरल्यास त्वचेचा तुकडा तपासतात.

हा विकार स्पर्शाने पसरत नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत कुष्ठरोगाशी त्याची गल्लत होत असे आणि रुग्णांना बहिष्कार सोसावा लागे. या चट्ट्यांवर संवेदना शाबूत असते, हा महत्त्वाचा फरक.