शेर, पायली आणि किलोग्रॅम : जुन्या चांदा जिल्ह्यातील मापांच्या रूपांतराचा प्रश्न

ग्रीक इतिहासाच्या ग्रंथांत ‘मिना’ या वजनाचे ग्रॅममध्ये रूपांतर करताना अभ्यासक प्रथम विचारतो, मिना कोणत्या नगराचा? अथेन्सचा मिना सुमारे ४३० ग्रॅमचा, तर एजिनाचा त्याहून बराच जड होता. दोन्हींत शंभर द्राख्मा असले तरी मूळ द्राख्माच निराळा होता. आपल्याकडील शेर व मण यांच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी क्वचितच बाळगली जाते. प्रस्तुत लेखात जुन्या चांदा जिल्ह्याच्या, विशेषतः भामरागड-हेमलकसा या जंगलपट्ट्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

ब्रिटिश प्रमाणानुसार तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा आणि ४० शेरांचा मण ३७.३२ किलोग्रॅमचा होतो. परंतु मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७० किलोग्रॅमचा होता आणि त्याचा शेर जेमतेम ३१७ ग्रॅम भरतो. मध्य प्रांतातील धान्याचे भाव ‘रुपयास इतके शेर’ असे नोंदले जात. रुपयास १० शेर या भावात एका हिशेबाने ९.३३ किलोग्रॅम धान्य मिळते, तर दुसऱ्याने ३.१७. दुष्काळातील मजुरीचे पोट भरत होते की नाही, हे उत्तरच येथे बदलते. चांदा जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. त्यापूर्वीच्या नोंदींना मुंबईचा मण लावणे सर्वथा चुकीचे आहे.

पायलीचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण पायली हे वजन नसून आकारमानाचे माप आहे. त्याच पायलीत भरलेले धान तांदळाच्या सुमारे तीन-चतुर्थांश वजनाचे असते. मोहफुले वाळलेली की ओली, माप शिगेचे की सपाट, यानेही वजन बदलते. त्यामुळे पायलीसाठी एकच गुणक देणारे कोष्टक मुळातच सदोष ठरते.

१९५६ च्या कायद्यानंतर दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली व १९६२ मध्ये सक्तीची झाली. १९७३ मध्ये हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा या सक्तीला अकरा वर्षे लोटली होती. (सराफाच्या पेढीवर ‘तोळा’ शब्द आजही आहे, पण तो बहुधा १० ग्रॅमचा!) या पट्ट्यात माडिया लोकांकडून मीठ देऊन चारोळी घेण्याचा व्यवहार प्रसिद्ध आहे. मापास माप अशा अदलाबदलीचे किलोग्रॅममध्ये रूपांतर केल्यास मीठ जड असल्याने व्यापाऱ्यानेच अधिक दिले असा विपरीत निष्कर्ष निघतो. तेथे वजनाऐवजी दोन्ही वस्तूंचे बाजारभाव तपासले पाहिजेत. फसवणूक दिसते ती तिथे.

म्हणून दप्तरातील नोंद घेताना मूळ माप, वस्तू, ठिकाण व वर्ष आधी लिहावे आणि किलोग्रॅमचा आकडा, गृहीत धरलेल्या शेरासह, कंसात द्यावा.