आष्टीच्या पाण्यावरचे लाल चतुर

मराठवाड्यातला आष्टी तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता आणि सीना नदीपलीकडे १९४७ पर्यंत इंग्रजांचा अहमदनगर जिल्हा. अंमल वेगळे, पण पाण्याची चणचण दोन्ही काठांना सारखीच. पावसाळ्यात ओढे दुथडी वाहायचे आणि हिवाळा सरता सरता उघड्या खडकात नुसती डबकी उरायची.

अशा खडकाळ पात्रात रमणारा लाल चतुर म्हणजे ट्रायथेमिस किर्बाय. बेल्जियमचे कीटकतज्ज्ञ सेलिस यांनी १८९१ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि ब्रिटिश म्युझियममधल्या विल्यम किर्बींचं नाव त्याला दिलं. नर तांबडालाल, पंखांच्या मुळाशी केशरी रंगाचा मोठा डाग. गवतापेक्षा त्याला तापलेला दगड प्रिय. भर दुपारी शेपूट थेट सूर्याकडे उभारून तो बसतो, म्हणजे अंगावर ऊन कमी पडतं. उथळ, लवकर आटणाऱ्या पाण्यातही त्याची पिल्लं वाढतात.

दुसरा लाल चतुर साठलेल्या पाण्याचा. क्रोकोथेमिस सर्व्हिलिया हे त्याचं नाव, १७७३ पासूनचं. नर मिरचीसारखा लालभडक, पाठीवरून शेपटापर्यंत बारीक काळी रेघ; मादी पिवळसर. कोवळा नरही पिवळाच असतो, वयात आल्यावर लाल होतो. त्याच्या कातडीतलं रंगद्रव्य रासायनिकदृष्ट्या बदलतं, म्हणून हा पालट होतो, असं जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं. याला तळं लागतं, काठाला लव्हाळं लागतं, पाण्यात शेवाळ आणि पाणवनस्पती लागतात.

आष्टीसारख्या मुलखात अशी तळी बऱ्याच अंशी माणसांनी घडवली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली हजारो माणसं खडी फोडायला आणि माती वाहायला दुष्काळी कामांवर गेली. त्या कामांतून आणि पुढे रोजगार हमीतून गावोगाव पाझर तलाव, नालाबांध उभे राहिले. बायकांनी डोक्यावरच्या घमेल्यांनी वाहिलेल्या मातीचे ते बांध आहेत. विहिरींना पाणी यावं एवढाच त्यांचा हेतू होता, पण बांधामागे पाणी थांबलं, काठाला गवत धरलं आणि तळ्यातल्या चतुरांना घर मिळालं. दुष्काळाच्या इतिहासात या लाभाची नोंद व्हायलाच हवी, कारण चतुराची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात आणि मोठे चतुर हवेत डास टिपतात.

२०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. आता शिवारात प्लास्टिक अंथरलेली शेततळीही दिसतात. त्यांच्या गुळगुळीत काठाला लव्हाळं धरत नाही, त्यामुळे सर्व्हिलियाला तिथं फारसा थारा नाही. किर्बाय मात्र उघड्याबोडक्या काठावरही जम बसवू शकतो. जुन्या पाझर तलावांतला गाळ काढताना एका बाजूचं लव्हाळं तसंच ठेवलं, तर तळ्यातल्या चतुराची जागाही टिकेल.