खाडीकाठची महाविद्यालये आणि युवा महोत्सव

रेवस हे धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेले बंदर. पलीकडच्या तीरावर उरण तालुक्यातील करंजा, उत्तरेला समुद्रमार्गे मुंबईचा भाऊचा धक्का आणि पाठीशी अलिबाग. गावात महाविद्यालय नाही. बारावीनंतर शिकणारी मुले एसटीने वीस-पंचवीस किलोमीटरवरील अलिबागला जातात, काही जण तरीतून करंजामार्गे उरण गाठतात, तर काही थेट मुंबईचा रस्ता धरतात. या किनाऱ्यावरील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे गाणे, नाच आणि नाटक यांच्या स्पर्धेत त्यांची गाठ रुपारेल, रुईया, कीर्ती, डहाणूकर अशा मुरलेल्या महाविद्यालयांशी पडते. ती कशी पडते आणि त्यात टिकायला काय लागते, हे समजून घेण्यासारखे आहे.

रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा होते त्या काळात, १९६१ मध्ये, अलिबाग येथे जनता शिक्षण मंडळाचे महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी उच्च शिक्षण म्हणजे बहुतेकांना मुंबई किंवा पुणे, आणि तेही ज्याच्या घरची ऐपत असेल त्याला. पुढे पेण, उरण, मुरूड, नागोठणे, वेश्वी येथेही महाविद्यालये उभी राहिली. शेतकरी, मीठ आगरातील मजूर, मच्छीमार यांच्या घरातली पहिली पदवीधर पिढी या महाविद्यालयांनी घडविली. साहजिकच कलेच्या उपक्रमांसाठी लागणारे स्वतंत्र सभागृह, वाद्यांचा संच, पगारी मार्गदर्शक या गोष्टी त्यांच्या वाट्याला उशिरा आल्या, किंवा आल्याच नाहीत.

वर्षाचे दोन हंगाम

महाविद्यालयीन कलाजीवनाला दोन हंगाम असतात. डिसेंबर-जानेवारीत येते ते वार्षिक स्नेहसंमेलन, म्हणजे बोलीतले ‘गॅदरिंग’. मैदानात मांडव, भाड्याचा ध्वनिक्षेपक, फिशपाँड, चित्रपटगीतांवरचे नाच आणि शेवटी पारितोषिक वितरण असे त्याचे ठरलेले रूप. येथे सगळ्यांना वाव असतो, प्रेक्षक घरचे असतात आणि चूक माफ असते. उघड्यावरच्या कार्यक्रमाला एक बंधन मात्र पाळावे लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविता येत नाही. बंदिस्त सभागृहाला त्यातून सूट आहे, पण असे सभागृह नसलेल्या महाविद्यालयाला ती सूट काय कामाची? संध्याकाळी उशिरा सुरू झालेला कार्यक्रम मग घाईने आवरता घ्यावा लागतो, आणि कात्री लागते ती बहुधा शेवटी ठेवलेल्या नाटुकल्याला.

दुसरा हंगाम पावसाळ्यातला. मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागातर्फे, ज्याला पूर्वी विद्यार्थी कल्याण विभाग म्हणत, दरवर्षी आंतरमहाविद्यालयीन युवा महोत्सव भरविला जातो. मुंबई शहर आणि उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सात जिल्हे आणि आठशेच्या वर महाविद्यालये विद्यापीठाच्या कक्षेत येतात. म्हणून आधी विभागवार प्राथमिक फेऱ्या होतात आणि त्यातून निवडलेले संघ मुंबईतील अंतिम फेरीत उतरतात. प्राथमिक फेरी साधारणतः ऑगस्टच्या सुमारास असते. विद्यापीठाचा निवडक संघ पुढे राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘इंद्रधनुष्य’ या राज्यस्तरीय महोत्सवात आणि भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय व राष्ट्रीय महोत्सवांत जातो. रेवसच्या धक्क्यावरून निघालेल्या एखाद्या मुलीला दिल्ली किंवा चंडीगडचा रंगमंच मिळू शकतो तो या शिडीवरून.

संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला असे या महोत्सवाचे पाच विभाग असतात. त्यांतील पहिल्या तिघांचा हिशेब माणसांवर चालतो. राष्ट्रीय महोत्सवाच्या नियमांप्रमाणे समूहगीताला सहा गायक आणि तीन साथीदार, वेळ दहा मिनिटे. एकांकिकेला नऊ कलावंत, वेळ तीस मिनिटे. लोकनृत्याला दहा नर्तक, वेळ दहा मिनिटे. प्रहसन आणि मूकाभिनय यांना प्रत्येकी सहा जण. लोकवाद्यवृंदाला तर बारापर्यंत वादक चालतात. चार हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात या संख्येचे काहीच वाटत नाही. चार-पाचशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात मात्र समूहगीतातली मुलगीच लोकनृत्यात असते, एकांकिकेतला नायक प्रहसनातही असतो, आणि दोन्ही स्पर्धा एकाच सकाळी दोन वेगळ्या मंचांवर लागल्या की प्राध्यापकांना एक प्रवेशिका मागे घ्यावी लागते. सर्व प्रकारांत नाव देऊन हजेरी लावण्यापेक्षा तीन-चार प्रकार निवडून त्यांवर वर्षभर मेहनत घेणे हाच लहान महाविद्यालयाला परवडणारा मार्ग आहे. तरीही ‘आपण किती प्रकारांत उतरलो’ याचा आकडा वार्षिक अहवालात मिरविण्याचा मोह फार थोड्यांना आवरतो.

पेटीवाला कुठून आणायचा?

संगीत विभागात खरी अडचण गळ्याची नसते, साथीची असते. सुगम गायनात आणि समूहगीतात चित्रपटगीत चालत नाही, तेव्हा ध्वनिमुद्रित संगीतावर गाण्याची सवय येथे उपयोगाची नाही. पेटी आणि तबला हवाच. शास्त्रीय गायनाला मोजकीच मिनिटे मिळतात. तेवढ्यात बडा ख्याल, छोटा ख्याल मांडून ताना घेऊन समेवर येणे हे काम साथीदाराशी सूत जुळल्याखेरीज साधत नाही. शहरात असा साथीदार मानधन देऊन मिळतो. खाडीकाठच्या गावांत तो भजनी मंडळात शोधावा लागतो, आणि सुदैवाने तेथे तो सापडतोही. अलिबाग तालुक्यात भजनाची परंपरा दाट आहे. देवळातल्या भजनात पेटी आणि पखवाज वाजवून ज्याचा हात तयार झाला, तो समूहगीताला पुरेपूर साथ देतो. ख्यालाच्या विलंबित ठेक्याशी मात्र त्याला नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

शास्त्रीय संगीताचे शिक्षण अशा ठिकाणी महाविद्यालय देत नाही, ते खासगी वर्गांतून मिळते. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या शिष्यपरंपरेतून १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी परीक्षांची साखळी महाराष्ट्रभर पसरली. या परीक्षांनी कलावंत किती घडविले यावर वाद होऊ शकतो. पण तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाला राग, ताल आणि लिपी यांची शिस्त मिळाली ती त्यांच्यामुळेच. प्राथमिक फेरीत शास्त्रीय गायनाला किनाऱ्यावरून कोणी उतरलाच, तर त्याच्यामागे बहुधा असा एखादा वर्ग आणि त्यातले एखादे शिक्षक असतात.

घरची कला, परका मंच

लोकनृत्यात चित्र पालटते. कोळीनृत्य मुंबईतील किती महाविद्यालयांनी सादर केले असेल याची गणती नाही. डोक्यावर टोपली, हातात वल्ही आणि चित्रपटांनी रूढ केलेल्या चाली यांवर ते उभे असते. रेवस, बोडणी, थळ, वरसोली या गावांतल्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. नारळी पौर्णिमेला, हळदीला, होळीला ते अंगणात चाललेले असते. आगरी आणि कोळी लग्नांत धवलारीण म्हणते ती धवल्याची गाणी, गौरीच्या रात्रीचे फेर, कातकऱ्यांचे नाच असा ऐवज या पट्ट्यात आहे, आणि तो शहरातील नृत्यदिग्दर्शकाला पैसे देऊनही मिळत नाही.

पण जे अंगणात रात्रभर चालते ते मंचावर दहा मिनिटांत बसवावे लागते, आणि येथेच घोळ होतो. परीक्षकांना वेग आवडतो, रचना बदलत्या हव्या असतात, मनोरे रचले की टाळ्या पडतात. म्हणून मूळ नाचाची चाल दुप्पट केली जाते, रंगीबेरंगी झगमगाट येतो आणि धवल्यासारखे संथ गाणे बाद होते. ज्या मुलांची ती कला आहे त्यांनाच ‘हे जरा फिके वाटते’ असे सांगून मुंबईची नक्कल करायला लावणे, हा प्रकार विषण्ण करणारा आहे. लोककलेची निवड करताना घरातील वयस्कर बायकांना तालमीला बोलावणे हा साधा उपाय आहे. गाण्याचे शब्द त्यांना पाठ असतात, आणि पाऊल कुठे पडते हे त्या एका नजरेत सांगतात.

एकांकिकेचा अर्धा तास

नाट्यविभागात सर्वाधिक प्रतिष्ठा एकांकिकेची. महाविद्यालयीन एकांकिकेने मराठी रंगभूमीला काय दिले हे नव्याने सांगायला नको. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा, मुंबईतील इंडियन नॅशनल थिएटरची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, इतर स्पर्धांतील विजेत्या एकांकिकांना २५ जानेवारीच्या रात्री एकत्र आणणारी चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’, ही नावे कोणत्याही हौशी नटाला पाठ असतात. दर्जाचा आग्रहही या परंपरेतच आहे. २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या पात्रतेची नाही असा निर्णय दिला, तेव्हा नाट्यवर्तुळात मोठी चर्चा झाली.

युवा महोत्सवातील एकांकिकेला नेपथ्य लावून काढायलाही मोजकाच वेळ असतो. राष्ट्रीय नियमांत तो दहा मिनिटांचा आहे, रिकाम्या मंचापासून रिकाम्या मंचापर्यंत. दाराची चौकट, लेव्हल, पडदे हे सारे विंगेतून आणून उभे करायचे आणि तसेच उचलून न्यायचे. ज्यांच्या महाविद्यालयात रंगमंचच नाही त्यांची तालीम वर्गात बाके सरकवून होते. अंतर, आवाजाची फेक, प्रकाशात उभे राहण्याची जागा यांचा अंदाज त्यांना स्पर्धेच्या दिवशीच प्रथम येतो. अलिबागमधील पीएनपी नाट्यगृहाने ही उणीव भरून काढण्याची आशा दाखविली होती. जून २०२२ मध्ये लागलेल्या आगीत त्याची मोठी हानी झाली. अशा वेळी लहान महाविद्यालयांनी संहिता निवडतानाच शहाणपण दाखविलेले बरे. एका खाटेवर आणि दोन खुर्च्यांवर उभी राहणारी, बोलीभाषेत लिहिलेली एकांकिका त्यांच्या हाती अधिक खुलते. उच्चाराच्या शुद्धतेविषयी न्यूनगंड बाळगणारी मुले आगरी संवाद मिळाले की मंचावर मोकळी होतात, हे सहज दिसून येते.

वाटेतले पाणी

वर सांगितलेला सगळा हिशेब अखेर प्रवासापाशी येऊन थांबतो. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा ही बोटसेवा बंद असते. भाऊचा धक्का ते रेवस ही लाँच बंदराच्या आतल्या बाजूने जात असल्याने चालू राहते, पण ओहोटीला रेवसच्या धक्क्याशी गाळामुळे अडते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ती आठवण या किनाऱ्यावर अजून पुसलेली नाही. पावसाळ्यातल्या रात्री मुलीला परतीच्या लाँचने यायला घरची मंडळी नाही म्हणतात, तेव्हा त्यांना मागासलेले म्हणून चालत नाही. मुंबईच्या अंतिम फेरीत एकांकिकेचा क्रमांक रात्री आठला लागला तर शेवटची लाँच निघून गेलेली असते. रस्त्याने पेण-पनवेलमार्गे परतायचे तर एक गाडी, एक प्राध्यापिका आणि डिझेलचा खर्च उभा करावा लागतो. त्यासाठीचा निधी विद्यार्थ्यांच्या शुल्कातूनच येतो, म्हणजे जेथे विद्यार्थी कमी तेथे निधीही कमी.

मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली आहे. नेपथ्याचे सामान भरलेला टेम्पो तीवर चढू शकतो, ही नाट्यसंघांच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. अ. र. अंतुले यांच्या काळात मांडल्या गेलेल्या रेवस-रेड्डी सागरी महामार्गातील रेवस-करंजा पुलाचे कामही आता हाती घेण्यात आले आहे. तोपर्यंत नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झालेल्या आराखड्यात सांस्कृतिक उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत. पूर्वी केवळ सवलतीच्या गुणांपुरता असलेला हा विषय वेळापत्रकात आला आहे. तालमीसाठी तासिका मिळाली तर संध्याकाळची एसटी चुकणार नाही, आणि रेवसकडची मुले तालमीतून अर्ध्यावर उठून जाणार नाहीत.